नाणं खरंच 'एरर' आहे की नुसतं खराब झालंय? नवीन लोकांसाठी पायरी-पायरीने

सुट्टे पैसे मोजताना एखादं नाणं वेगळं दिसतं, कड चपटी आहे, एखादं अक्षर गायब आहे, सिंहाच्या तोंडावरून रेघ गेलीय, की आपण लगेच मोबाईल काढतो आणि व्हिडिओ बघतो, आणि व्हिडिओवाला सांगतो की असं नाणं घरात असेल तर लाखो रुपये मिळतील. एरर म्हणजे टांकसाळीत बनतानाच चूक झालेलं नाणं, म्हणून माझं एवढंच सांगणं आहे की किंमत शोधायच्या आधी एक प्रश्न विचारा: हे टांकसाळीत कसं घडलं असेल, मशीनच्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर? उत्तर देता आलं तर पुढे तपासू. नाही देता आलं तर ते नाणं बाहेर आल्यावर खराब झालंय असंच धरून चालायचं, कारण शंभरातल्या बहुतेक 'विचित्र' नाण्यांचं तेच असतं.

पहिली पायरी: नाणं बनतं कसं ते डोक्यात बसवा

हे कंटाळवाणं वाटेल पण याच्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. धातूच्या लांब पट्टीतून पंच मारून गोल चकत्या कापतात, अगदी पोळी लाटून वाटीने पुऱ्या कापतो तशा. मग त्या चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुतात, आणि एका मशीनमधून फिरवून त्यांची कड थोडी उचलतात. मग चकती प्रेसमध्ये जाते. तिथे एका बाजूला एक डाय (चित्र उलटं आणि खोलगट कोरलेला धातूचा ठसा), समोर दुसरी डाय, आणि चकतीच्या भोवती एक कडं असतं त्याला कॉलर म्हणतात. डाय जोरात आपटते, धातू डायच्या खोलगट भागात वाहत जातो आणि छापा, काटा आणि कड सगळं एकाच ठोक्यात तयार होतं.

म्हणजे चूक तीनच ठिकाणी होऊ शकते: चकतीत, डायमध्ये किंवा ठोक्यात. नाणं हातात घेतलं की आधी या तिघांपैकी कोण ते ठरवायचं.

दुसरी पायरी: सामान

दहापट मोठं दाखवणारं भिंग (सोनार वापरतात तसलं), ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा, एक व्हर्निअर (नाण्याचा व्यास आणि जाडी मोजायचं साधन) आणि एक लोहचुंबक. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच किमतीचं, त्याच सालचं, शक्यतो त्याच टांकसाळीचं एक साधं धडधाकट नाणं. नवीन माणूस इथेच चुकतो, एकटंच नाणं बघत बसतो आणि त्याला डिझाईनमधली प्रत्येक गोष्ट एरर वाटायला लागते, शेजारी साधं नाणं ठेवलं की निम्मे गैरसमज तिथल्या तिथे मिटतात.

टांकसाळ ओळखायची तर साल कोरलंय त्याच्या खाली बघा. छोटा हिरा म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. (हैदराबादची जुनी चिन्हं थोडी वेगळी होती, हिऱ्यात ठिपका वगैरे, ते नंतर हळूहळू शिकता येईल.) तर "सालाखाली चिन्हच नाहीये, मिंट मार्क मिसिंग एरर!" असं कोणी म्हणालं तर ते बहुतेक वेळा कोलकात्याचं अगदी नॉर्मल नाणं असतं.

तिसरी पायरी: उठाव आहे की खड्डा?

ही सगळ्यात उपयोगी पायरी, हिच्यावर जास्त वेळ घालवा. खिडकीजवळ किंवा टेबललॅम्पखाली नाणं तिरकं धरा, प्रकाश एका बाजूने येऊ द्या आणि भिंगातून बघा की ती रेघ किंवा तो डाग नाण्याच्या पृष्ठभागाच्या वर आलाय की आत गेलाय.

डायला तडा गेला तर त्या फटीत धातू घुसतो, म्हणून नाण्यावर वर उठलेली बारीक रेघ येते, बहुतेक वेळा कडेपासून अक्षरांकडे वेडीवाकडी जाणारी. हा डाय क्रॅक, खरा एरर. डायचा तुकडाच उडाला तर कडेला नक्षी नसलेला फुगीर धातूचा गोळा दिसतो, तोही खरा. याउलट कोणी खिळ्याने ओरखडा काढला तर तिथे खड्डा पडतो आणि खड्ड्यातला धातू कुठेतरी गेलाच पाहिजे, तो दोन्ही काठांना वरंब्यासारखा साठतो. भिंगातून तो वरंबा दिसला की विषय संपला, ते नुकसान आहे.

आता अपवाद, कारण अपवाद आहेतच. ठोका पडताना डाय आणि चकतीच्या मधे दोरा, तारेचा तुकडा, कापडाची चिंधी किंवा घट्ट ग्रीस आलं तर नाण्यावर खड्डा पडतो आणि तो खरा एरर असतो. मग फरक कसा ओळखायचा? अशा खड्ड्याच्या काठाला वरंबा नसतो, तळ गुळगुळीत असतो किंवा कापडाची वीण दिसते, आणि चमक खड्ड्याच्या आतपर्यंत बाकीच्या नाण्यासारखीच सलग जाते. ओरखड्याचा तळ मात्र वेगळाच चकाकतो किंवा वेगळाच काळपट असतो.

ग्रीसचंच पुढे सांगतो. डायच्या एखाद्या अक्षरात ग्रीस भरलं की ते अक्षर नाण्यावर उमटतच नाही, 'भारत'मधला एखादा भाग जातो, सालातला आकडा जातो. असं नाणं बनवायला लोकांना फार सोपं वाटतं, कानशीने आकडा घासला की झालं. पण घासलेल्या जागी एका दिशेने जाणाऱ्या बारीक रेघा असतात आणि तो भाग आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित खाली गेलेला असतो. खऱ्यात तिथला पृष्ठभाग सपाट आणि सलग असतो, बऱ्याचदा अक्षराची पुसट सावलीही दिसते.

चौथी पायरी: वजन, माप, चुंबक

काही आकडे लिहून ठेवा. १९९२ पासूनचा स्टीलचा १ रुपया २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅम. २०११ च्या मालिकेतला रुपयाचं चिन्ह असलेला १ रुपया २२ मिमी आणि ३.७९ ग्रॅम, त्याच मालिकेतले २ रुपये २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅम. जुने जाडजूड ५ रुपये, कॉपर-निकेलचे, २३ मिमी आणि ९ ग्रॅम. दोन रंगांचे १० रुपये २७ मिमी आणि ७.७१ ग्रॅम. थोडं इकडेतिकडे चालतं, वापरून वापरून झीजही होते.

या आकड्यांत एक गंमत दिसेल, जुना १ रुपया आणि नंतरचे २ रुपये एकाच मापाचे आणि वजनाचे आहेत. त्यामुळे "दोन रुपयाचा ठसा रुपयाच्या चकतीवर पडलाय" असं कोणी सांगितलं तर आधी दोन्ही मालिकांची मापं बघायची. चुकीच्या चकतीवरचा खरा एरर असेल तर वजन, माप किंवा धातू यातलं काहीतरी स्पष्ट वेगळं निघालंच पाहिजे.

चुंबक धातू सांगतो. १९९२ पासूनचा १ रुपया चुंबकाला चिकटतो, २००४ पर्यंतचे कॉपर-निकेलचे २ आणि ५ रुपये चिकटत नाहीत, नंतर आलेले स्टीलचे चिकटतात. चांदीसारखा दिसणारा तांब्याचा जुना पैसा आणून लोक 'चांदीत पडलेला एरर' म्हणतात, तो बहुतेक पारा चोळलेला किंवा मुलामा दिलेला असतो, वजन बरोब्बर तांब्याच्या पैशाएवढंच भरतं आणि घासलेल्या कडेला लाल तांबं डोकावतं. सोनेरी रुपयाचंही तेच. आणि नाणं सगळीकडून सारखंच बारीक, अक्षरं कृश, कडेचा उठाव जवळजवळ नाही आणि वजन खूप कमी असेल तर ते ॲसिडमध्ये बुडवलेलं असण्याची शक्यता जास्त. मुळातच पातळ चकतीवर पडलेल्या नाण्याचं वजनही कमीच भरतं पण त्यावरची चमक जिवंत असते, ॲसिडवालं खरखरीत आणि मेलेलं दिसतं.

पाचवी पायरी: नेहमी सापडणारे एरर आणि त्यांचे नकली भाऊ

कड कापलेलं नाणं. पट्टी पुढे सरकली नाही आणि पंच आधीच्या भोकावर थोडा चढला की चकतीला चंद्रकोरीसारखा घास पडतो, याला क्लिप म्हणतात. आता हे नकली बनवायचं तर कातरायचं किंवा कानस मारायची, म्हणून लोक करतातही. खरं ओळखायची खूण सुंदर आहे: घास जिथे आहे त्याच्या बरोब्बर समोरच्या बाजूची कड बघा, ती बहुतेक वेळा पुसट किंवा दबलेली असते, कारण कड उचलणाऱ्या मशीनमध्ये घासाच्या जागी दाब मिळाला नाही म्हणून समोरच्या बाजूलाही मिळाला नाही. शिवाय घासाजवळची अक्षरं त्या दिशेने ओढल्यासारखी, पातळ होत गेलेली दिसतात. कापलेल्या नाण्यात अक्षर मधेच सपकन तुटतं आणि समोरची कड एकदम ठणठणीत असते.

सरकलेला ठोका, म्हणजे ऑफ-सेंटर. चकती कॉलरमध्ये नीट बसलीच नाही, ठसा एका बाजूला पडला आणि दुसऱ्या बाजूला कोरी चंद्रकोर राहिली. दोन्ही बाजू एकत्र बघा, छाप्यावर जिकडे कोरं आहे तिकडेच काट्यावरही कोरं पाहिजे, कारण ठोका एकच होता. एकाच बाजूला कोरं आणि दुसरीकडे सगळं जागच्या जागी असेल तर संशय घ्या, घासलेलं असू शकतं. किंचित सरकलेल्याला कोणी फार विचारत नाही, निम्मं सरकलेलं आणि तरीही साल वाचता येणारं असेल तर मागणी असते.

कॉलरशिवाय पडलेलं नाणं पसरून मोठं आणि पातळ होतं, पूर्ण ठसा असतो पण कडेची नक्षी नसते. याची नक्कल म्हणजे हातोडीने ठोकलेलं किंवा रुळावर ठेवून आगगाडीखाली चपटं केलेलं. रुळावरचं लांबट होतं आणि चित्रही त्याच्याबरोबर ताणलं जातं. खऱ्यात अक्षरांचा उठाव टिकून असतो, ठोकलेल्यात अक्षरांचे माथेच आधी सपाट होतात.

ब्रॉकेज, ज्याला जुने व्यापारी 'लखी' म्हणतात. आधीचं नाणं डायला चिकटून राहतं, नवी चकती खाली येते, तिच्या एका बाजूला नीट ठसा पडतो आणि दुसऱ्या बाजूला त्या चिकटलेल्या नाण्याचाच, म्हणून तोच ठसा आरशातल्यासारखा उलटा आणि आत गेलेला दिसतो. पूर्ण लखीत दोन्ही बाजूंना एकच चित्र असतं, एकीकडे उठावात सुलटं, दुसरीकडे खोलात उलटं, आणि मूळ दुसऱ्या बाजूचं चित्र अजिबात नसतं. नवीन माणसाला सगळ्यात जास्त फसवतात ते इथे. दोन नाणी एकावर एक ठेवून व्हाइसमध्ये (लोखंडी शिकंज्यात) आवळली की खोलगट उलटी अक्षरं उमटतात, पण खाली मूळ चित्र दबलेलं का होईना शिल्लक राहतं आणि मागच्या बाजूचे उंच भागही चेपलेले असतात. मूळ चित्राचा अवशेष दिसला की पैसे खिशातच ठेवा.

दोनदा ठोका. याला सोपा नियम लावा, दुसरा ठसाही उठावात आणि सुलटा वाचता येईल असाच पाहिजे, कारण तो डायनेच मारलेला असतो. दुसरं चित्र खोलगट आणि उलटं असेल तर दुसरं नाणं वर ठेवून कोणीतरी ठोकलंय.

अक्षरं दुहेरी दिसणं वेगळं. ठोका पडल्यावर डाय थोडी थरथरली तर अक्षराची कड घासली जाते आणि पायरीसारखा सपाट थर दिसतो, अक्षर जाड व्हायच्या ऐवजी बारीक होतं. हे खूपच कॉमन आहे आणि याला जादा किंमत नाही, कोणी मागितली तरी देऊ नका. डायच दुहेरी कोरली गेली असेल तर दोन्ही ठसे गोलाईदार आणि पूर्ण उंचीचे असतात, अक्षराच्या कोपऱ्याला खाच दिसते, आणि त्याच डायची सगळी नाणी तशीच असल्यामुळे शोधलं तर जोडीदार सापडू शकतो.

फिरलेली डाय. आपली नाणी पुस्तकाचं पान उलटल्यासारखी डावीकडून उजवीकडे फिरवली की मागची बाजू सरळ दिसते. मागचं चित्र आडवं किंवा डोक्यावर उभं दिसलं तर डाय फिरलेली होती. मला वाटतं नवीन माणसाने संग्रहाची सुरुवात याच्यापासून करावी, कारण झिजून, आपटून, जळून नाण्याची मागची बाजू फिरत नाही, नक्कल करायची तर दोन अर्धी नाणी जोडावी लागतात आणि त्याचा सांधा कडेवर किंवा कडेच्या आतल्या बाजूने भिंगात दिसतो. पाच-दहा अंशांचा फरक सोडून द्या, ९० किंवा १८० असेल तर जपून ठेवा. फक्त अमेरिकेहून कोणी क्वार्टर आणून दिला तर तो असा फिरवल्यावर उलटाच दिसणार, तिकडची नाणी मुळातच तशी पाडतात.

दोन्ही बाजूंना छापाच असलेलं नाणं कोणी दाखवलं तर तोच सांधा शोधायचा, बहुतेक ते पोखरून जोडलेलं जादूगाराचं नाणं असतं.

आणि १० रुपयांचं दोन रंगांचं. कडं आणि मधली चकती प्रेसमध्ये एकाच ठोक्यात जोडली जातात आणि त्यांच्यावरचं डिझाईन एकाच डायचं असतं. म्हणून मधला सिंह कड्यावरच्या अक्षरांच्या तुलनेत तिरका असूच शकत नाही. तिरका दिसला, किंवा मधला भाग उलटा बसलेला दिसला, तर कोणीतरी तो ठोकून बाहेर काढून परत बसवलाय, सांध्याशी हत्याराच्या खुणाही सापडतील. मधली चकती खरोखर बाजूला बसलेली असेल तर ठसा त्या सरकलेल्या सांध्यावरून न तुटता सलग गेलेला दिसतो.

सहावी पायरी: आपल्याकडचं नेहमीचं नुकसान ओळखा

आपल्याकडे नाणं फक्त खर्चासाठी नसतं त्यामुळे त्याला होणारी इजाही आपली आपली आहे. जुन्या वाड्यांच्या उंबरठ्यात ठोकलेली नाणी, मधे खिळ्याचं भोक आणि चेपलेला माथा. गळ्यातल्या माळेसाठी कडी लावलेले चांदीचे रुपये, कडी निघाली तरी कडेला डाख दिल्याचा डाग राहतो. पंढरपूरला चंद्रभागेत किंवा नाशिकला रामकुंडात टाकलेली, वाळूने घासून घासून अक्षरं गेलेली, खड्डे पडलेली. होळीत पडलेली, फोड आलेली आणि निळसर-काळी झालेली. देवापुढच्या ताम्हनात वर्षानुवर्षं हळद, कुंकू, तेल आणि पंचामृत खाल्लेली, रंग बदलतो आणि लोकांना वाटतं धातूच वेगळा आहे. या सगळ्यांना घरच्या आठवणीची किंमत आहे, एररची नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, १९४३ ते १९४७ चा भोकाचा पैसा हा मुळातच भोकाचा आहे, ते ना नुकसान ना एरर. तसंच २००५-०६ च्या २ रुपयांवरची फुलीसारखी रेघ हे डिझाईन आहे. १० रुपयांच्या नाण्यांची तर १४ डिझाईन्स चालू असल्याचं रिझर्व्ह बँकेनेच २०१८ मध्ये सांगितलं होतं, त्यामुळे 'माझं वेगळं दिसतंय' एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

सातवी पायरी: सापडलं, आता पुढे काय

साफ करू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, काहीही लावू नका, मूळ चमक गेली की खऱ्या-खोट्याचा अर्धा पुरावाच गेला आणि खऱ्या एररचीही किंमत पडते. कडेने धरा, पीव्हीसी नसलेल्या पाकिटात किंवा होल्डरमध्ये ठेवा. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे असे फोटो काढा, शेजारी साधं नाणं ठेवून, आणि वजन लिहून ठेवा.

मग माणसांना दाखवा. मुंबईत फोर्ट भागात नाण्यांचे जुने व्यापारी आहेत, पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, शहरोशहरी नाण्यांची प्रदर्शनं लागतात. तिथे विकायला जाऊ नका, आधी बघायला जा, खरे एरर हातात घेऊन बघा, विचारा की हे खरं कशावरून. चांगला व्यापारी सांगतो. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, तेही जमेल तेव्हा बघण्यासारखं आहे. एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासणाऱ्या अमेरिकी कंपन्यांकडून सर्टिफिकेट करून घेता येतं पण त्याचा खर्च साध्या क्लिपच्या किमतीपेक्षा जास्त होतो, त्यामुळे मोठ्या नाण्यासाठीच.

किमतीबद्दल खरं सांगायचं तर बारीक डाय क्रॅक, किरकोळ सरकलेला ठोका, ग्रीसने भरून गायब झालेला एखादा छोटा आकडा, हे दहा-वीस-शंभर रुपयांचे विषय आहेत, आणि स्टीलच्या नाण्यांत ते भरपूर सापडतात. ठळक लखी, निम्मं सरकलेलं, चुकीच्या चकतीवरचं, यांना चांगली किंमत येते, तीही हालत बघून. वैष्णोदेवीचं ५ किंवा १० चं नाणं लाखाला घेतो म्हणून जो फोन येतो आणि पाठोपाठ रजिस्ट्रेशन फी, टॅक्स, कुरिअर असं करत तुमच्याकडूनच पैसे मागायला लागतो, तो फ्रॉड आहे. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांचे असे व्यवहार करणाऱ्यांपासून सावध राहा असं खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलंय. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, असा व्यवहार या धंद्यात नसतो. फोन कट करा, नंबर ब्लॉक करा, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार करा.